तिसऱ्या रांगेतला गार वारा

“मामा, तिसऱ्या रांगेमागे टांगलेले मोजे वाळत का नाहीत?”

प्रश्न साधाच होता, पण तो विचारायची पैज लागली होती, आणि पैज लावणाऱ्या संघातल्या तिघी मैत्रिणी दाराआडून एकमेकींना चिमटे काढत होत्या. प्रश्न चारचौघांत विचारायचा, खणखणीत आवाजात विचारायचा आणि विचारताना हसायचं नाही, अशी अट होती. विचारणारी हरली तर महिनाभर गोलकीपरचे मोजे तिने धुवायचे. गोलकीपरचे मोजे ज्यांनी जवळून पाहिलेत त्यांना सांगायला नको, की माघार घेणं शक्यच नव्हतं.

विचारणाऱ्या मुलीला सगळे भोंगा म्हणत. गेल्या वर्षापर्यंत मुंगी म्हणत, कारण हजेरीला ती ‘हजर’ म्हणायची तेही अशा आवाजात की बाईंनी दोनदा तिची गैरहजेरी मांडली होती. मग वादविवाद स्पर्धेत एक मुलगी आयत्या वेळी आजारी पडली, हिला ढकलून व्यासपीठावर उभं केलं, आणि ही जी बोलायला लागली ती अजून थांबलेली नाही. नवी सायकल मिळालेलं पोर समोरच्या दुकानातही सायकलवरूनच जातं, तसं तिचं आवाजाबाबत झालं होतं.

आणि चारचौघं म्हणजे कोण, तर मशीनवाले. एका बंद पडलेल्या लाँड्रीच्या खोलीत बाबा आणि मामा मिळून क्रिप्टोची मशीनं चालवायचे. बुटांच्या खोक्याएवढी चोवीस मशीनं, सहा-सहाच्या चार रांगा. ती दिवसरात्र एकच उद्योग करत: आकडे ओळखायचा. ज्याचा अंदाज जुळेल त्याला नाणी मिळत. एकट्याने अंदाज जुळवायचा तर दोन जन्म पुरले नसते, म्हणून जगभरची हजारो मशीनं टोळी करून खेळत आणि मिळेल ते वाटून घेत. एवढं डोकं चालवताना मशीनं जाम तापत. प्रत्येकाच्या मागच्या पंख्यातून असा गरम वारा येई की मुलींच्या संघाचे सामन्यानंतर धुतलेले मोजे तासाभरात पापडासारखे कडक होत. लाँड्री बंद पडली खरी, पण कपडे वाळवायचं तिचं व्रत असं चालू होतं.

मशीनं मात्र बाबांची नव्हती. शिलाईवाल्या मावशी, न्हावी, निवृत्त पोस्टमास्तर, भूगोलाच्या बाई, आई जिथे कामाला होती तिथल्या दातांच्या डॉक्टरीण, अशा सहाजणांनी पैसे घालून ती घेतली होती. सहावा मामाचा जुना मित्र, तो फक्त चहाला यायचा. मशीनवर मालकाच्या नावाची चिठ्ठी असे, पण कमाई सगळ्यांची एकत्र करून दर मशीनमागे सारखी वाटली जाई. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे आपापलं मशीन बघायला येत. बघण्यासारखं काही नसे. हिरवा दिवा आणि फिरणारा पंखा. तरी पोस्टमास्तर आपल्या मशीनला थोपटत, आणि मावशी सतरा नंबरसमोर उभ्या राहून त्याचा आवाज ऐकत, जसं एखाद्याने शाळेच्या खिडकीतून आपलं पोर नीट बसलंय ना हे बघावं.

तर असा तो रविवार आणि असा तो प्रश्न. खोलीत चोवीस पंख्यांची घरघर होती, तरी प्रश्न सगळ्यांना ऐकू गेला. मग मामा हसला. मामाचं हसणं म्हणजे अर्धा धंदा. बाबांचे हात चालत आणि मामाची जीभ, अशीच वाटणी होती. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात म्हणतात. मामाने नुसत्या बिया विकल्या असत्या. तो म्हणाला, तिसऱ्या रांगेत आम्ही थंड चालणारी सोय केलीय, वीज वाचते, मोज्यांचं मात्र नुकसान झालं. सगळे खो-खो हसले. पोस्टमास्तर म्हणाले, पोरीची नजर तीक्ष्ण आहे, हिला पुढे तपासनीस करा. मावशींनी तर हसता हसता जाहीर करून टाकलं, की घरातलं भरतकामाचं दुसरं मशीन त्या विकतायत, गिऱ्हाईक बुधवारी न्यायला येणार आहे, आणि ते पैसेही इथेच घालायचे. थंड चालणारंच एक द्या म्हणाल्या.

पैज जिंकली. दाराआड गोलकीपरने कपाळाला हात लावला. पण भोंग्याचं लक्ष तिकडे नव्हतं. एकटे बाबा हसले नव्हते. हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे ते असे बघत होते की जणू तो आत्ताच कुणीतरी त्यांना दिलाय आणि हे काय असतं ते विचारायचं राहून गेलंय.

मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. सगळे गेल्यावर दुपारी ती एकटीच परत आली आणि एकेका मशीनमागे तळहात धरत निघाली. पहिली रांग, चटका. दुसरी, चटका. तिसऱ्या रांगेत हाताला लागलं ते वळवाआधीच्या झुळकेसारखं काहीतरी. गार. सहाच्या सहा गार. चौथ्या रांगेतलं एक गार. पंखा फिरतोय, हिरवा दिवा जळतोय, आणि आत चिटपाखरू नाही. सतरा नंबरही गार. त्यावर मावशींच्या अक्षरातली चिठ्ठी होती, आणि चिठ्ठीला त्यांनी रंगीत धाग्याची किनार शिवली होती.

मागे बाबा उभे होते. ते कधी आले ते तिला कळलं नव्हतं.

सांगायला त्यांना वेळ लागला, कारण सांगणं हे त्यांचं काम नव्हे. लाँड्रीचे छतातले जुने पाइप त्यांनीच हवा आत घ्यायला वापरले होते. नवे कशाला, आहेत ते चांगले आहेत, असं म्हणाले होते. वीस वर्षांच्या चादरींचा, टॉवेलांचा तलम भुसा त्या पाइपांत साचला होता. तो वाऱ्याबरोबर खाली आला, मशीनांत शिरला, बोर्डांवर गोधडीसारखा बसला, आणि आतल्या आत बोर्ड जळाले. पाइपचं तोंड तिसऱ्या रांगेवरच उघडतं. तीन आठवडे झाले होते. नवे बोर्ड मागवलेत, पण यायला अजून महिना. आणि तोवर माणसं घाबरतील म्हणून मामाने सुचवलं, की मेलेल्या मशीनांच्या पंख्यांना आणि दिव्यांना वेगळी वायर द्यावी.

“वायर कुणी जोडली?” तिने विचारलं.

बाबांनी आपल्या हातांकडे पाहिलं. उत्तर तेवढंच.

जेवताना घरात जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण भांडणात दोन बाजू असतात. इथे आई एकटी एका बाजूला आणि उरलेलं जग दुसऱ्या. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी दोन मशीनं घेतली होती ती हिच्या शब्दावर, आणि उद्या सकाळी नऊला हिलाच त्यांच्या शेजारी उभं राहून लोकांच्या दाढा धरायच्या होत्या. आई ओरडली नाही. तिने आमटीचं भांडं मामाच्या हाताला लागणार नाही इतकं लांब सरकवलं. मामाने ते ओळखलं आणि कोरडीच पोळी खायला लागला.

पण जीभ काही कोरडी झाली नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची, तो म्हणाला. एका महिन्याचा प्रश्न आहे. आज सांगितलं तर उद्या सहाही जण आपापली मशीनं काखोटीला मारून जातील, मग बोर्ड आले काय नि न आले काय. कमाई कमी का झाली असं न्हाव्याने विचारलं होतं तेव्हा मामाने सांगितलं होतं, की सध्या गणितं अवघड आलीत. न्हाव्याला पटलं होतं. शाळेत त्यालाही गणितं अवघडच जायची.

 मग भोंगा म्हणाली, “बुधवारी मावशींचं मशीन जाणार. ते गेलं की परत येणार नाही. मावशी सतरा नंबरचा आवाज ऐकून विकतायत, आणि तो आवाज आपण लावलाय.”

तिने आधी मामाकडे पाहिलं, मग बाबांकडे.

“तुम्ही सांगणार नसाल तर मी सांगते. मला आता बोलता येतं.”

“नको,” बाबा म्हणाले. “वायर मी जोडली. मीच सांगेन.”

मामाने घास खाली ठेवला. दाजी, तुम्हाला बोलता येत नाही, असं तो अगदी काळजीने म्हणाला. त्यात चेष्टा नव्हती.

सोमवारी बाबांनी सातही वायरी कापल्या. खोलीतली घरघर एकदम बदलली, मोठ्या घरातली पाहुणेमंडळी निघून गेल्यावर होतं तशी. मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता सगळ्यांना बोलावलं. भोंग्याने निरोप दारोदार जाऊन दिला, आणि कशासाठी बोलावलंय हे कुणालाही सांगितलं नाही. तिच्या आजवरच्या आयुष्यातलं ते सर्वांत कठीण काम.

बाबांनी टेबलावर सतरा नंबर उघडून ठेवलं होतं. बोलायला उभे राहिले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. “हे,” ते म्हणाले. मग पुन्हा, “हे बघा.” मामा दोनदा पुढे सरसावला आणि दोन्ही वेळा आईने नुसत्या नजरेने त्याला खुर्चीत बसवलं. शेवटी बाबांनी बोलायचा नादच सोडला. चिमट्याने बोर्डावरचा भुसा उचलला आणि टेबलावर ठेवला. राखाडी, मऊ, बोटभर जाड. मग जळकी चिप दाखवली. मग कापलेली वायर आणली, पंख्याला लावली, पंखा फिरवून दाखवला, दिवा लावून दाखवला, आणि बंद केला. पाइप माझे, म्हणाले. वायरही माझी. तीन आठवडे झाले. सात बंद आहेत.

 आपले बाबा असे भर सभेत उघडे पडलेले भोंग्याने कधी पाहिले नव्हते, आणि हे आपणच घडवून आणलंय हेही तिला ठाऊक होतं.

न्हावी पहिला उठला. माझं मशीन चालू आहे ना, तर ते मला आत्ताच्या आत्ता द्या, म्हणाला. गणितावरून त्याला जास्त राग आला होता. बाबांनी मुकाट्याने त्याचं मशीन सोडवून खोक्यात घालून दिलं आणि तो घेऊन गेला, पण दारापाशी थांबून हे घरात कुठे लावायचं असतं ते विचारूनही गेला. डॉक्टरीणबाई आईकडे बघत होत्या. आईने खाली पाहिलं नाही. मला परवा रात्री कळलं, आधी ठाऊक असतं तर आधीच सांगितलं असतं, म्हणाली. त्या एवढंच म्हणाल्या, की बघू. पोस्टमास्तर मात्र त्यांच्या आयुष्यातल्या हरवलेल्या पार्सलांची गोष्ट सांगायला लागले, आणि भूगोलाच्या बाईंनी त्यांना आवरलं.

मावशी टेबलापाशी गेल्या. त्यांनी भुसा दोन बोटांत धरून चुरगळला, वास घेतला.

“हा तर रोजचा आहे माझ्या ओळखीचा,” त्या म्हणाल्या. “सुईखालची पट्टी उघडली की हाच निघतो. दर शनिवारी ब्रश मारते मी. तुम्ही कधीच उघडत नव्हता?”

बाबांनी मान हलवली. शिंपिणीच्या हाताखाली दोन महिने काढले असते तरी सात बोर्ड वाचले असते, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येत होतं.

“मशीन बंद पडतं, हे मला कळतं,” मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच ऐकवत नव्हता. “पण मेलेल्या मशीनचा पंखा माझ्यासमोर फिरवायचा, हे नाही कळत. मी त्याच्याशी बोलायचे हो. वेड्यासारखी.”

भरतकामाचं मशीन त्या विकणार नव्हत्या. गिऱ्हाइकाला रात्रीच नाही कळवते, म्हणाल्या. सतरा नंबर मात्र इथेच राहू दे, बोर्ड येईपर्यंत. अट एकच. कुठलं मशीन चालू आणि कुठलं बंद, हे दर आठवड्याला मला कळलं पाहिजे, आणि सांगणारं माणूस हे नसलं पाहिजे. ‘हे’ म्हणताना त्यांनी मामाकडे बोट दाखवलं. मामाने तोंड उघडलं आणि, बहुधा जन्मात पहिल्यांदा, तसंच मिटलं. भूगोलाच्या बाई आणि पोस्टमास्तर म्हणाले, आमचीही तीच अट. कोण सांगणार ते ठरवा आणि कळवा.

सगळे गेल्यावर चौघंच उरले. मामा एका कोपऱ्यात टूथब्रश घेऊन बोर्ड घासायला बसला होता. कुणी सांगितलं नव्हतं. बाबा आईला म्हणाले, दर आठवड्याला तूच सांगत जा, तुझ्यावर विश्वास आहे त्यांचा. आई म्हणाली, होता. मग असं ठरत आलं की बाबांनी एका कागदावर लिहून द्यावं, आईने तो वाचून बघावा, फार घाबरवणारं काही असेल तर शब्द जरा मऊ करावेत, आणि मग तो पाठवावा.

“नाही,” भोंगा म्हणाली.

दोघांनी वर पाहिलं.

“मी ठरवलंय. शनिवारी दुपारी सगळी झाकणं मी उघडणार, हात लावून बघणार. आणि तिथून थेट त्यांच्या घरी जाणार, एकेकाच्या. कागद नाही, मऊ शब्द नाहीत.” तिने श्वास घेतला. “आणि आधी त्यांना सांगणार. तुम्हाला घरी आल्यावर.”