बांधलेलं पाणी

कालव्याच्या पुलावर सकाळपासून माणसं जमली होती. मेंढपाळ, जीप थांबवून उतरलेले यात्रेकरू, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया, सगळ्यांची नजर एका काचेच्या बरणीवर खिळली होती. बरणीत कालव्याचं पाणी होतं, चहासारखं गढूळ. महारुद्र बुवाने लाल फडकं गुंडाळलेली काठी त्यात बुडवली, डोळे मिटले आणि ती गरागरा फिरवायला सुरुवात केली.

"वाट बांधतो, वारा बांधतो, पायाखालचा खडा बांधतो. परक्या गावचं पाणी बांधतो. ज्या पाण्यानं माझं लेकरू धरलं, त्या पाण्याला माझी काठी धरंल."

परक्या मुलखात माणूस आजारी पडला की त्याला पाणी लागलं, असं आपण सहज म्हणतो. बुवाने ते बोलणं उचललं आणि त्यातून एक जनावर उभं केलं. प्रत्येक विहिरीत, प्रत्येक नळात ते वाटसरूसाठी दबा धरून बसलेलं असे आणि त्याला बांधायची विद्या एकट्या बुवाकडे.

हळूहळू बरणीत कापसासारखे पुंजके दिसू लागले आणि जड होऊन तळाला बसले. बुवाचं लांबलचक पुटपुटणं संपेपर्यंत वरचं पाणी नितळ झालं. एका म्हातारीने हात जोडले, तसा सगळा पूल वाकला.

"हे पिऊन कुठंबी जा," बुवा म्हणाला. "हागवण न्हाई, वकारी न्हाई, ताप न्हाई. फक्त दुसरं पाणी तोंडाला लावायचं न्हाई. दवाखान्याची पायरी चढायची न्हाई. अन् अळणी खायचं. मिठाचा कण जिभेवर गेला की बांधलेलं पाणी सुटलं. मग माझ्याकडं बोट दाखवायचं न्हाई."

बुवा पैशाला शिवत नसे. कळपातलं एक कोकरू तेवढं ठेवून घेई. तो निरिच्छ आहे, असं लोक म्हणत आणि त्याच्या झोपडीमागे कोकरं ओरडत.

पाथरीजवळच्या आमच्या खेड्यात मी बरीच वर्षं शाळा शिकवली. आता पोरं ओसरीवर शिकायला येतात. बोरीकडचा रायभान मेंढरं घेऊन निघाला की काही दिवस त्याचा तळ माझ्या पडीक रानात पडतो. रानाला खत मिळतं आणि मला त्याची मुलगी दीपिका मिळते. अकरा वर्षांची आहे. प्रश्न विचारून बेजार करते.

यंदा ती त्याच दिवशी दुपारी आली, पण एकही प्रश्न न घेता. ओसरीवर टेकली आणि म्हणाली, "बबलूला पाणी लागलंय. माय कायबी खाऊ देईना त्याला."

मी तळावर गेलो. दीपिकाचा पाच वर्षांचा भाऊ बबलू घोंगडीवर पडला होता. डोळे खोल गेलेले, ओठ पांढरे. तो रडत होता, पण डोळ्यांत टिपूस नव्हता. मी त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. जुलाबाने अंगातलं पाणी संपत आलं की असं होतं. त्याची आई बानूबाई शेजारी बसून त्याच्या तोंडात थेंब थेंब पाणी सोडत होती. पाणी बुवाचं, चार दिवस तळावर तेच चालू होतं.

मी घरी जाऊन पाणी उकळलं, गार केलं आणि साखर-मीठ घालून बाटली भरून आणली.

"बानूबाई, हे पाज त्याला. आणि जीप बोलावतो, पाथरीला डॉक्टरांकडे नेऊ."

तिने बाटलीकडे पाहिलंही नाही. "मीठ नगं, गुरुजी. पलीकडच्या तळावरची म्हातारी कशानं गेली, ठाव हाय ना तुमाला? सुनंनं भाकरीत मीठ घातलं म्हणून."

म्हातारी जुलाबानेच गेली होती. बुवाने मीठ शोधून काढलं आणि खापर सुनेवर फोडलं. त्या दिवसापासून तळावर कुणी त्या बाईशी बोलत नव्हतं. ती एकटी दगडावर बसून मेंढरांकडे बघत राही. बानूबाईला तसला दुसरा दगड नको होता.

"रायभान, लेकरू हातचं जाईल," मी म्हणालो.

"तुमचं शास्त्र घरात ऱ्हाणाऱ्याला ठीक हाय," तो खाली बघून म्हणाला. "आमी वाटंवरची माणसं. रोज नवं गाव, नवं पाणी. आमाला कोण हाय? आता ऊन कललं की बुवा परत बांधणार हाय. बबलूवर लक्ष हाय त्येचं."

मी जीपवाल्याला फोन करून पुलाजवळ थांबायला सांगितलं. दुसरं काही सुचत नव्हतं. परत निघालो तर दीपिका मागे आली.

"गुरुजी, एक विचारू? ते बुवाचं पाणी जिभंला कसंतरी करतंय. कच्चं केळ खाल्ल्यावानी."

उत्तर माझ्या ओठांवर होतं. पण दुसऱ्याचं उत्तर हातात घेऊन गर्दीसमोर उभं राहिलेलं पोर चटकन घाबरतं. म्हणून मी विचारलं, "अशी चव आधी कधी घेतली होतीस?"

तिने कपाळाला आठ्या घातल्या. "आबा दाढी झाल्यावर गालाला खडा लावतेत. ल्हानपणी म्या खडीसाखर समजून चाटला होता." ती हसली आणि हसता हसता थांबली. "तुरटी. काठीच्या फडक्यात तुरटी हाय."

"असेल. पण नुसतं असेल म्हणून भागतं का?"

"न्हाई. करून बघाय पायजे."

माझ्या दाढीच्या डब्यातला खडा तिने गढूळ पाण्याच्या बरणीत फिरवला. तेच पुंजके, तोच गाळ तळाला, तेच नितळ पाणी. तिचा चेहरा उजळला आणि पुन्हा पडला.

"पर मग पाणी चांगलंच झालं की. बबलू का पडला?"

"तुरटीने काय खाली नेलं?"

"गाळ. दिसत होता त्यो."

"आणि जे दिसत नव्हतं ते?"

तिने बरणीतलं नितळ पाणी निरखलं आणि ओतून दिलं. तुरटीचा खडा, रिकामी बरणी आणि स्वयंपाकघरातून एक फुलपात्र आणि छोटी पुडी घेऊन ती पुलाकडे पळाली. मी बाटली घेऊन तिच्या मागे गेलो.

पुलावर मघापेक्षा जास्त गर्दी होती. बानूबाईच्या मांडीवर बबलू आता रडतही नव्हता. बुवाने बरणी भरली.

"कुणाला लागलं पाणी? पुढं या."

"मला लागलं," दीपिका म्हणाली.

बुवाने मोठ्या मायेने मान हलवली. "कसं लागलं, बाळ? पोटात कळ मारती? डोळ्यापुढं सावली येती?"

"तुरट लागलं."

मागे कुणीतरी फसकन हसलं. बुवाने ते न ऐकल्यासारखं केलं, काठी पाण्यात घातली आणि मंत्र सुरू केला. दीपिकाने शेजारीच बसकण मारली, कालव्याचं पाणी आपल्या बरणीत भरलं आणि त्यात खडा फिरवू लागली. तिला मंत्र येत नव्हता. तिने तेराचा पाढा धरला.

"वाट बांधतो, वारा बांधतो..."

"तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस..."

"पोरी, बंद कर ते. देवाचं काम हाय."

"तुमचं तुमी चालू द्या, बुवा. तेरा त्रिक एकोणचाळीस..."

लोक एकदा या बरणीकडे, एकदा त्या बरणीकडे बघत होते. बुवाचे पुंजके खाली उतरले. दीपिकाचेही उतरले. पाढा वीस-पंचवीसदा म्हणून होईतो दोन्ही बरण्या सारख्याच नितळ झाल्या होत्या.

"तुमच्या फडक्यात तुरटी हाय," ती म्हणाली. "सोडून दाखवा."

बुवाने काठी पाठीमागे घेतली, पण तो कच्चा नव्हता. "हाय तुरटी. माझ्या मंत्राची हाय. पाणी साफ झालं का न्हाई? लोकहो, डोळ्यांनी बघा. कुठं घाण दिसती?"

माना हलल्या. घाण दिसत नव्हती. दीपिकाने मात्र पुडी सोडली, आपल्या बरणीतलं नितळ पाणी फुलपात्रात ओतलं, चिमूटभर काहीतरी टाकून ढवळलं आणि ते रायभानसमोर धरलं.

"आबा, ह्यात काय दिसतंय?"

रायभानने उजेडात धरून पाहिलं. "कायबी न्हाई."

"फकस्त बोट बुडवून जिभंला लावा."

त्याने लावलं आणि तोंड वाकडं केलं. "खारट. मीठ टाकलंस की गं."

"दिसलं न्हाई, पर हाय ना? तसंच हाय ते. मेंढरं, म्हशी कालव्यात बसतेत, लोक काठावर बसतेत. त्या घाणीतलं ल्हान ल्हान काय तरी पाण्यात ऱ्हातंय. तुरटीनं गाळ गेला. ते गेलंच न्हाई. आपण ते बबलूला पाजलं."

"मीठ चाखलं," बुवा कडाडला. "बापानं मीठ चाखलं. आता पोराचं काय झालं तर ह्याच्या जिभंमुळं."

सगळे रायभानकडे बघू लागले. म्हातारीच्या सुनेकडे असंच बघितलं गेलं असणार. पण बानूबाईची नजर नवऱ्याकडे नव्हती. ती बुवाकडे बघत होती.

"बुवा," ती अगदी हळू म्हणाली, "लेकरू सकाळपासून पडलंय. मीठ तर आत्ता चाखलं."

बुवा बरणी आवरू लागला. बानूबाईने माझ्यापुढे हात केला. मी बाटली दिली. जीपमध्ये बसल्यावर, पाथरीचा दवाखाना येईपर्यंत, ती दर थोड्या वेळाने एक एक चमचा पाजत राहिली. दोनदा त्याने उलटी केली. ती जरा थांबली आणि पुन्हा पाजू लागली.

डॉक्टरांनी सलाईन लावली. आणखी उशीर झाला असता तर, एवढं बोलून त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. तिन्हीसांजेला बबलू सुई दुखते म्हणून भोकाड पसरून रडला. त्याच्या गालावरून पाणी ओघळलं आणि ते बघून त्याची आई रडली.

आम्ही परतलो तेव्हा बुवाची झोपडी रिकामी होती. कोकरंही नव्हती. तो पकडला गेला नाही. कालवा लांबवर जातो आणि त्यावर पूल पुष्कळ आहेत.

म्हणून ही गोष्ट लिहिली. तुरटीने गढूळ पाणी नितळ होतं, त्यात चमत्कार नाही, आणि नितळ पाण्यातही आजाराचे जंतू असतात. प्रवासाला निघालात तर पाणी खळखळून उकळा, गार करून झाकलेल्या भांड्यात न्या, खाण्याआधी साबणाने हात धुवा. जुलाब झाले तर पाणी तोडू नका. उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला, घोट घोट पाजा आणि दवाखाना गाठा. मिठाची बंदी बुवाने का घातली होती, हेही लक्षात घ्या. तो नियम कुणालाच पाळता येणार नव्हता. माणूस बरा झाला तर बुवाचा गुण, मेला तर घरच्यांची चूक. असा सौदा कुणी तुमच्यापुढे मांडला तर तिथून उठा, आणि उठताना शेजारच्यालाही हाताला धरून उठवा.