दिगंबररावांचा डिटेक्टिव्ह

दिगंबरराव साधा टोस्टर घ्यायचा तरी चार दुकानं फिरतात. पण माझ्या भाचीची, विनीताची, चौकशी करायला त्यांनी डिटेक्टिव्ह नेमला, तो मात्र मंडळाच्या गणपतीत कुणाच्या तरी ओळखीतून. ओळखीतला म्हटलं की आपल्या लोकांना पुढे काही विचारायचं सुचतच नाही.

विनीता टेक्सासात, प्लेनोत, आमच्याकडेच राहायची. दिगंबररावांच्या प्रसन्नशी तिचं जमलं होतं, साखरपुड्याची साडीसुद्धा मी आणली होती. आणि त्या काउबॉय हॅटवाल्या डिटेक्टिव्हने रिपोर्ट दिला की मुलीचं ब्याऐंशी साली ह्यूस्टनमध्ये लग्न झालं होतं, मग डिव्होर्स. ब्याऐंशी साली विनीता नागपूरला कॉलेजात होती. पासपोर्ट दाखवला, तर दिगंबरराव म्हणाले, "प्रोफेशनल माणूस खोटं कशाला लिहील?" लग्न मोडलं ते मोडलंच, वर सगळ्या मराठी घरांत फोन करून त्याचं कारणही सांगितलं. माझ्या नवऱ्याला, भानुदासला, जेवण जाईना. मला तर त्या माणसाची हॅट भट्टीत घालावीशी वाटत होती.

विनीता रडली नाही. ती इन्शुरन्स कंपनीत काम करायची. सोमवारी तिने सुट्टी घेतली आणि मला गाडीत घालून थेट दिगंबररावांचं घर गाठलं. दाढ काढल्यामुळे ते घरीच होते, गाल सुजलेला. प्रसन्नने दार उघडलं. तो पहिल्यापासून विनीताच्याच बाजूचा, पण बापापुढे त्याचं चालत नव्हतं.

"काका, त्याचं लायसन्स चेक केलं होतंत?" विनीताने विचारलं.

"अगं, ओळखीतला आहे. बॅज दाखवला त्याने."

"बॅज कुणालाही विकत मिळतो. टेक्सासमध्ये या कामाला स्टेटचं लायसन्स लागतं. आमच्या ऑफिसात कुणाला हायर करायच्या आधी ऑस्टिनला, लायसन्स देणाऱ्या बोर्डाला, फोन करून विचारतात. मी केला तर तुम्हाला पटणार नाही. तुम्हीच करा."

दिगंबररावांनी फोन लावला. प्रसन्नने आतल्या खोलीतला रिसीव्हर उचलला. बराच वेळ दिगंबरराव नुसते "येस मॅडम, येस मॅडम" म्हणत होते. मग त्यांनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसले.

प्रसन्न बाहेर आला. "बाबा, त्याला लायसन्सच नाहीये. घरबसल्या खोटे रिपोर्ट लिहितो म्हणून त्याच्यावर ऑलरेडी कम्प्लेंट्स आहेत."

"चुकलंच माझं," दिगंबरराव म्हणाले. "विनीता, तारीख तू सांगशील ती."

"तारीख नंतर, काका. आधी जिथे जिथे हे सांगितलंत, तिथे फोन करा."

आणि त्यांनी केले. सुजलेल्या गालाने, एकेका घरी. "मुलगी निर्दोष आहे, मूर्खपणा माझा," हे वाक्य प्रत्येक वेळी अख्खं. मी स्वतः चहा करून घेतला आणि समोर बसून ऐकलं. इतका चवदार चहा मी अमेरिकेत प्यायले नव्हते.

शेवटचा फोन आमच्या घरी. भानुदासने उचलला.

"भानुदासराव, मला माफ करा. विनीता आमच्या घरी द्या."

पलीकडचं मला स्पष्ट ऐकू आलं. आमचे हे एरवी दिगंबररावांपुढे शब्द काढत नाहीत. आज म्हणाले, "थांबा. आधी चौकशी करावी लागेल."

विनीता इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला.