दोन जावा आणि एक भाता

श्वास पुरेपूर भरून घ्या. ओठ नळीभोवती घट्ट मिटा. आता फुंका. फुंका, फुंका, अजून फुंका, थांबू नका! हं, झालं. आता बसा आणि दम खा, तोवर माझी हकिगत ऐका. मी भाता बोलतोय.

माझं खरं नाव लांबलचक आहे आणि पाठीवरच्या पट्टीवर ते कोरलेलंही आहे, पण ते वाचायचे कष्ट आजवर कुणी घेतले नाहीत. मी माणसाचा श्वास मोजतो. तुम्ही नळीत फुंकलंत की माझं पोट फुगतं, पोटाला जोडलेला दांडा हलतो आणि त्याच्या टोकाची लेखणी कागदावर चढती रेघ काढते. रेघ जितकी वर, तितकी छातीत हवा. इथे लबाडी चालत नाही. भलेभले पैलवान माझ्यापुढे लालबुंद होऊन खुर्चीत कोसळलेले मी पाहिले आहेत.

मला घडवणारा कारागीर भारी संशयी होता. माझ्या पोटातून हवा कुठे निसटत तर नाही ना, हे बघायला त्यानं मला दिवसभर फुगवून ठेवलं होतं. संध्याकाळी त्यानं मान डोलावली. तेव्हापासून माझा स्वतःवर पक्का विश्वास बसला, आणि तो उगाच नव्हता हे पुढे कळेलच.

मला डॉक्टरीणबाईंनी विकत घेतलं. मी मनात म्हटलं, चला, आता दवाखाना, खोकणारे रुग्ण आणि आपला रुबाब. पण बाईंनी मला नेलं थेट लाकडी सामानाच्या कारखान्यात. तिथे सगळी माणसं धडधाकट! मला वाटलं, बाईंचा पत्ता चुकला.

पत्ता बरोबर होता. बाईंनी सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बसवून सांगितलं, "माणूस आजारी पडल्यावर कारण विचारलं तर तो आठवेल ते सांगतो. म्हणून मला निरोगी असतानाच तुमचा श्वास मोजायचाय. मग दरवर्षी येऊन पुन्हा मोजायचा. कुणाचा किती घटतो ते बघायचं."

"म्हणजे आम्ही आजारी पडायची वाट बघणार तुम्ही?" मागून एक बाई म्हणाली आणि सगळे हसले.

"वाट नाही बघणार, लक्ष ठेवणार," बाई म्हणाल्या. "दम लागू लागला, तर उपचार करणारही मीच."

ती टोमणा मारणारी होती थोरली. पॅकिंगच्या खोलीत खोकी बांधायची. तिची धाकटी जाऊ घासणीच्या खोलीत टेबल-खुर्च्यांवर पॉलिश पेपर फिरवायची. त्या खोलीत भुशाची धूळ इतकी बारीक असे की ती दिसायची फक्त खिडकीतून ऊन आलं की. दोघी एकाच घरात राहायच्या, एकाच हंड्यातलं पाणी प्यायच्या, एकाच वेळी कामावर यायच्या. फरक एवढाच, की कारखान्याच्या दारातून आत आलं की एक डावीकडे वळायची आणि दुसरी उजवीकडे. बाईंना नेमकी अशीच माणसं हवी होती. धुळीतले काही आणि धुळीबाहेरचे काही, बाकी सगळं होता होईतो सारखं. दोन्हीकडच्यांचा श्वास वयाप्रमाणे थोडा घटणारच. धुळीतल्यांचा जास्त घटला, तर धुळीकडे बोट दाखवता येईल.

मॅनेजरसाहेबांनी शब्द दिला होता, "तसं दिसलं तर घासणीच्या खोलीत धूळ ओढणारे पंखे बसवू."

पहिल्या वर्षी धाकटीनं असं काही फुंकलं की लेखणी कागदाच्या वरच्या काठाला जाऊन टेकली. मी आतून हादरलो. थोरलीची रेघ मात्र बेताचीच.

"ताई, तुम्ही चहा गार करायला फुंकताय का?" धाकटी म्हणाली.

"तुझ्या नवऱ्यावर ओरडून ओरडून तुझी छाती झालीय एवढी. माझा दीर बिचारा!" थोरलीनं तिथल्या तिथे परतफेड केली.

मग वर्षं चालू लागली. माझ्याबरोबर असायच्या सिस्टर. नाकाला चिमटा लावायचा, विडी-सिगारेट ओढता का, घरात धूर होतो का, खोकला किती दिवस टिकतो, हे सगळं विचारायचं, आणि मग "फुंका, फुंका" करून अख्खी इमारत डोक्यावर घ्यायची. नोकरी सोडून गेलेल्यांच्याही मागे आम्ही हात धुऊन लागायचो. सिस्टर मला कडेवरच्या मुलासारखी घेऊन त्यांच्या घरचे जिने चढायच्या. "मी तिथं काम करत नाही आता," लोक कुरकुरायचे. सिस्टर म्हणायच्या, "म्हणून तर आले. दम लागला म्हणून तुम्ही काम सोडलं आणि मी फक्त टिकलेल्यांना मोजलं, तर सगळं आलबेलच दिसेल की!" मग चहा यायचा आणि त्यानंतर श्वासही.

थोरलीची रेघ दरवर्षी केसभर खाली यायची. धाकटीची भराभर उतरत होती. तिची थट्टामस्करी कमी झाली आणि शेवटी खोकला वाढला. तिनं पॅकिंगमध्ये बदली मागितली. तिला ते जड गेलं, कारण लाकडावर नुसता हात फिरवून कुठे खडबडीत आहे ते तिला कळायचं आणि त्या हाताचा तिला अभिमान होता.

त्याच वर्षी नवं यंत्र आलं. तळहाताएवढं, चकचकीत, आकडा पडद्यावर दाखवणारं. कंपनीचा माणूस म्हणाला, "तपासूनच आणलंय." कारखान्यानं मोजणीला वेळ थोडा दिला होता, त्यामुळे घाई झाली. माझी रवानगी कपाटावर. माझ्यासोबत मोजीव हवेचा पंपही गेला, जणू तो माझा आहेर होता. त्या पंपात ठराविकच हवा मावते. ती यंत्रात ढकलली की यंत्र खरं बोलतंय का ते कळतं. पण नव्याला कुणी तो लावलाच नाही.

मी वरून पाहत होतो. धाकटीनं फुंकलं आणि आकडा वाढलेला! तिचा विश्वास बसेना.

"सिस्टर, मी सुधारले!" ती टाळ्या पिटत म्हणाली. दुपारीच तिनं बदलीचा अर्ज मागे घेतला.

मॅनेजरसाहेब खुशीत आले. "बाई, तुमच्याच यंत्रानं सांगितलंय. घासणीवाल्यांचे श्वास वाढलेत. आता पंखे कशाला?"

 डॉक्टरीणबाईंनी दोन्ही खोल्यांचे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि आकडे एकेक करून ताडून पाहिले. मग थोरलीला बोलावलं.

"तुम्ही यंदा काही नवीन सुरू केलंत का? चालायला जाता? व्यायाम?"

"मी?" थोरली हसली. "मला जिना दिसला की मी खालूनच हाक मारते, मॅडम."

"मग तुमचाही श्वास तितकाच कसा वाढला? तुमच्या खोलीत तर सगळ्यांचाच वाढलाय." बाई उठल्या. "सिस्टर, भाता खाली काढा. पंपपण काढा."

माझ्यावर बोटभर धूळ होती. पण सिस्टरनी पंपाची हवा माझ्या पोटात ढकलली आणि माझी लेखणी जिथे थांबायला हवी तिथेच थांबली. तीच हवा नव्यात ढकलली, तर हे नवे साहेब आकडा चांगलाच वाढवून बोलले! मी फुगलो होतोच, वर अभिमानानं आणखी फुगलो. त्या संशयी कारागिराची आठवण झाली.

मग सगळ्यांना पुन्हा बोलावलं. प्रत्येकानं दोन्ही यंत्रांत फुंकायचं. धाकटी आली. माझ्यात फुंकताना तिला मध्येच खोकल्याची उबळ आली, पुन्हा फुंकावं लागलं. तिची रेघ थोरलीच्या रेघेखाली येऊन थांबली.

"खरं कुणाचं, मॅडम?" तिनं विचारलं.

"भात्याचं."

"म्हणजे मी सुधारले नाही."

"नाही. गेलेला श्वास आम्हाला परत आणता येत नाही. पण उरलेला राखता येईल."

धाकटीनं मान खाली घातली. थोरली तिच्याजवळ जाऊन बसली. "मला असं जिंकायचं नव्हतं गं," ती म्हणाली. त्या क्षणी मला वाटलं, आपण एकदा तरी चुकायला हवं होतं. पण मी चुकलो असतो, तर तिचं काहीच भलं झालं नसतं.

जुने-नवे आकडे एका मापावर आणून बाईंनी मॅनेजरसाहेबांसमोर दोन उतरत्या रेघा ठेवल्या, एक सावकाश उतरणारी आणि एक घसरणारी. साहेबांनी शब्द पाळला. पंखे बसले. धाकटी पॅकिंगमध्ये गेली, थोरलीच्या शेजारच्या टेबलावर. पुढच्या वर्षी तिची नवी रेघ मागच्या वर्षीच्या रेघेवर जवळजवळ बसली. सिस्टरनी ती दोनदा तपासली. ती रेघ वर गेली नव्हती, फक्त खाली उतरली नव्हती एवढंच, आणि तरी त्या खोलीत पेढे मिळाल्यासारखी सगळी माणसं हसत होती.

आता मी नव्याच्या शेजारीच असतो. दरवर्षी आधी आम्हा दोघांच्या पोटात पंपाची हवा जाते, मग माणसांची. तो दुरुस्त होऊन आलाय आणि आता सरळ बोलतो, मान्य करतो. तुम्हाला एकच सांगणं आहे. तुमच्या दारात कुणी सिस्टर माझ्यासारखा एखादा भाता घेऊन आल्या, तर ‘मला काय झालंय?’ असं म्हणून त्यांना परत पाठवू नका. तुम्हाला काही झालेलं नसतानाच तुम्ही आम्हाला हवे असता, आणि पुढच्या वर्षीही हवे असता.

परवा थोरलीची लेक घासणीच्या खोलीत लागली. तिची पहिली मोजणी. नळी धरायला काकू उभी होती.

"फुंक गं, फुंक, थांबू नकोस!" धाकटी ओरडली आणि तिलाच खोकला आला. माझी लेखणी चढत चढत कागदाच्या वरच्या काठाला जाऊन टेकली.

धाकटी त्या रेघेकडे पाहत राहिली. मग पोरीच्या नाकावरचा चिमटा काढत म्हणाली, "पुढच्या वर्षीही इथंच टेकली पाहिजे हं."