पिवळ्या पावडरीवर पोसलेली मी

मित्रांनो, मी एक म्हातारी डुकरीण आहे. हसलात ना? हसा. कुणी अंघोळ टाळली, ताटात उष्टं टाकलं, दप्तरात पसारा केला, की तुम्ही माझंच नाव घेता. घाण तुमची आणि नाव माझं! खरं तर आम्ही जिथं झोपतो तिथं घाण करत नाही. त्यासाठी एक कोपरा ठरवून ठेवतो. तुमच्यातल्या कित्येकांना हे अजून जमलेलं नाही. पण जाऊ द्या, आज मला माझा मोठेपणा सांगायचा नाही. माझ्या पोटात जे घडलं आणि त्यामुळे एका लहान मुलीवर जे ओढवलं, ते सांगायचं आहे.

माझा मालक रविंद्र. पूर्वी तो बुटीबोरीला सुताच्या कारखान्यात होता. तिथलं काम सुटलं तेव्हा त्यानं वराहपालनाचं शिक्षण घेतलं आणि मी इवलीशी असताना मला बारदानात गुंडाळून मोटारसायकलवर घरी आणलं. वाटभर मी केकाटत होते. हुडकेश्वरच्या पुढे, जिथं नवे प्लॉट संपतात आणि तुरीची शेतं लागतात, तिथं त्याचं घर आणि घरामागं आमची पत्र्याची शेड. त्याची बायको मिनल मनीषनगरच्या हॉटेलांतून आलेलं उरलंसुरलं अन्न मोठ्या पिंपात उकळायची, त्यात कोंडा घालायची आणि आमच्या हौदात ओतायची. त्या पिंपाला वाफ आली की सगळी शेड ओरडायला लागे. सगळ्यांत मोठा आवाज माझा असे, हे कबूल करते.

आणि हिमानी! ती या दोघांची एकुलती एक मुलगी. बोलायला लागली तेव्हाच तिनं माझं नाव ढब्बू ठेवलं. उन्हाळ्यात पत्रा तापला की ती पाइप घेऊन माझ्यावर पाणी मारायची. शाळेतून आली की गजांतून हात घालून माझं कपाळ खाजवायची आणि दिवसभराचं सगळं सांगायची. बाईंनी कुणाला उभं केलं, कुणाच्या डब्यात काय होतं. मला अर्धं कळायचं नाही, पण मी डोळे मिटून ऐकायचे. तिच्या हाताला मी सारखी चाटायचे. त्यात वाईट असं काही असेल हे मला कुठं ठाऊक होतं?

माझी बाळंतपणं चांगली होत. एकेका वेळी दहा-बारा गुटगुटीत पिल्लं. रविंद्र पाहुण्यांना माझ्यापाशी आणून म्हणायचा, "हे ढब्बू नाई, लक्ष्मी हाय माह्या घरची." मी फुगून जायचे. पिल्लं मोठी झाली की गाडी यायची आणि ती जायची. कुठं जायची ते मला माहीत होतं. डुकराच्या जन्माला ते लागलेलंच आहे, त्याचं रडगाणं मी गाणार नाही.

एका हिवाळ्यात माझ्या पिल्लांना हगवण लागली. रविंद्र घाबरला आणि धर्मेंद्रच्या दुकानात धावला. धर्मेंद्र जनावरांची औषधं विकतो. माणूस वाईट नाही, पण त्याच्याकडे प्रत्येक दुखण्यावर पुडी तयार असते. त्यानं पिवळी पावडर दिली. दाण्यात मिसळली, आणि काय सांगू, दोन दिवसांत पिल्लं उड्या मारायला लागली! रविंद्रनं तर ती पुडी कपाळाला लावली.

पुढच्या खेपेला धर्मेंद्र म्हणाला, "आजारी पडायची वाट काहून पाहता गा? रोज चमचाभर देत जा. आजार येत नाई अन् वजनबी चांगलं भरते."

रविंद्रला ते पटलं. तेव्हापासून आम्ही सगळे, आजारी आणि धडधाकट, रोज पिवळी पावडर खाऊ लागलो. सुरुवातीला सगळं झकास चाललं. मग पावडर पहिल्यासारखी लागू पडेना. रविंद्रनं चमचे वाढवले. मी मात्र ठणठणीत होते. माझ्या पोटात कोण पक्कं होऊन बसलंय याची मला जाणीवही नव्हती.

मित्रांनो, ते पुढे आम्हाला दीक्षा मॅडमनी सांगितलं. त्या सरकारी जनावरांच्या डॉक्टर. त्या म्हणाल्या, पोटात जंतू असतातच. औषधानं त्यातले कच्चे मरतात आणि पक्के उरतात. रोज औषध दिलं की रोज पक्केच उरतात आणि त्यांचीच पिलावळ वाढते. डुकराला त्यांचा त्रास होतोच असं नाही. पण माणसाच्या पोटात गेले तर तेच औषध तिथंही हात टेकतं.

हे आम्हाला आधी कळलं असतं तर! पण कळलं ते हिमानी आजारी पडल्यावर.

त्या रविवारी मिनलचा भाऊ जेवायला येणार होता. माझ्या मागच्या वेतातला एक थोराड मुलगा त्यासाठी कापला. मिनलनं चांगली दणदणीत तर्री केली. मटण तिनं चुलीवर भरपूर शिजवलं, त्यात तिची काहीच कसूर नव्हती. पण ज्या लाकडी पाटावर कच्चं मटण कापलं, तोच पाट जरा पुसून तिनं त्यावर कांदा, काकडी आणि सांबार चिरला. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. घाईच्या घरात कुणीही करतं तसं. तर्री झणझणीत म्हणून हिमानीला वाढलीच नाही. तिला तूपभात, आणि सोबत तिला आवडतात म्हणून कांदा-काकडीच्या खूप सगळ्या चकत्या. मटणाचा तुकडाही तिच्या तोंडात गेला नाही.

जेवून ती माझ्याकडे आली. काकडीचं देठ मला भरवलं आणि मी तिचा तळहात चाटून काढला. ते जंतू तिच्या पोटात पाटावरून गेले की माझ्या जिभेवरून, हे मला आजवर कळलेलं नाही. रात्री-अपरात्री जाग आली की हाच विचार येतो.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली नाही. तिला ताप होता आणि जुलाब. मिनल म्हणाली, "दवाखान्यात नेऊ ना जी."

"थांब वं," रविंद्र म्हणाला. "दुकानातून गोळ्या आणल्या मी. आपल्या पावडरीतलंच औषध हाय हे. डुकराले लागू होते, तं पोरीले काहून नाई होणार?"

मी गजांपाशी उभी होते. मला वाटलं, चला, आता बरी होईल. माझी पिल्लं नव्हती का झाली?

ती बरी झाली नाही. ताप वाढतच गेला. तिसऱ्या दिवशी रविंद्रनं तिला उचलून बाहेर आणलं तेव्हा तिची मान त्याच्या खांद्यावर लोंबत होती. मी जोरानं ओरडले. तिनं डोळेसुद्धा उघडले नाहीत. मिनलनं दार लोटलं, आणि मोटारसायकल गेली.

मग शेड ओकीबोकी झाली. मिनलचा भाऊ येऊन आम्हाला दाणा टाकायचा आणि फोनवर बोलायचा. त्याच्या बोलण्यातून मला कळायचं. जंतू पोरीच्या रक्तात उतरलेत. हे औषध चालत नाही. तेही चालत नाही. डॉक्टर तिसरं देऊन पाहताहेत. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. तो म्हणायचा, "ढब्बू, खाय ना वं," आणि स्वतःच पायरीवर डोकं धरून बसायचा. मी खायचे. रडता येत नाही तेव्हा डुक्कर दुसरं काय करणार?

एके दुपारी मिनल कपडे न्यायला आली. माझ्यापुढं उभी राहून ती हुंदके देऊ लागली. "मटण तं मी चांगलं शिजवलं होतं वं ढब्बू. डॉक्टर इचारते, कांदा कुठं चिरला? पाट धुतला का? मले काय मालूम बाई, पाटानं असं होते म्हणून!" मला वाटत होतं, तिला सांगावं की बाई, चूक एकट्या तुझ्या पाटाची नाही. तो जंतू तुझ्या पाटावर आला तो माझ्या घरातून. पण माझ्या तोंडून निघालं ते नुसतं घुरघुरणं, आणि ती डोळे पुसत निघून गेली.

शेवटी एक औषध लागू पडलं. डॉक्टरांनी राखून ठेवलेलं, सहसा न देण्याचं. शिरेतून थेंब थेंब सोडत होते म्हणे. हिमानी घरी आली. हाडांची काडी झाली होती, केस गळले होते, पण आली! मी आनंदानं शेडभर धावले. तिला मात्र आता गजांत हात घालायला मनाई होती. ती लांबूनच हात हलवायची. आणि त्या औषधाचं लांबलचक नाव एका दमात म्हणून दाखवायची. नर्सबाई रोज म्हणायच्या, म्हणून तिला ते पाठ झालं होतं.

रविंद्रनं उरलेली पिवळी पावडर दीक्षा मॅडमच्या हवाली केली. मॅडमनी त्याला सगळं नीट समजावलं. कप्पे कोरडे ठेवा, हौद रोज घासा, पिल्लांना ऊब द्या, लसी चुकवू नका, आणि कुणी आजारी पडलं तर आधी मला बोलवा, असं त्या म्हणाल्या. त्यानं ऐकलं. दोन वेतं त्यानं अगदी मनापासून केलं. मला वाटलं, सुटलो.

मग या डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली आणि माझ्या पिल्लांना पुन्हा हगवण लागली. दीक्षा मॅडम दुसऱ्या गावी होत्या. फोनवर म्हणाल्या, "उद्या सकाळी येते. नमुना तपासू, मगच औषध देऊ. तोवर ऊब द्या आणि मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा." रविंद्रनं बल्ब लावले, पोती अंथरली, एकेकाला मांडीवर घेऊन पाणी पाजलं. तरी दुपारपर्यंत दोन पिल्लं गेली. तिसरं माझ्या पोटाशी थरथरत होतं. रविंद्रनं धर्मेंद्रला फोन केला.

धर्मेंद्र स्वतःच पुडी घेऊन आला. पांढरी पावडर होती. "पिवळी आता कुठंच चालून नाई राहिली गा. हे नवीन हाय, एकदम जालीम."

रविंद्रनं पुडीवरचं नाव मोठ्यानं वाचलं आणि वाचता वाचताच थांबला. हिमानी अंगणात अभ्यास करत होती. तिनं मान वर केली.

"बाबा, हे तं माहं औषध हाय ना जी?"

धर्मेंद्र पायातल्या चपलेकडे पाहू लागला. रविंद्रनं तिच्याकडे पाहिलं, मग त्या थरथरणाऱ्या पिल्लाकडे पाहिलं. मग त्यानं दातानं पुडी फाडली आणि दाण्यात ओतली. थोडी पावडर माझ्या पाठीवर सांडली.

मित्रांनो, मी आयुष्यात पहिल्यांदा हौदाकडे पाठ फिरवली. अन्नापुढं डुकरानं पाठ फिरवली असं कधी ऐकलंय तुम्ही? रविंद्र म्हणाला, "खाय वं माय, पिल्लाइसाठी खाय. तुह्या दुधातूनच जाईन त्याइले औषध." मी नाही खाल्लं. पण दिवस मावळला, आणि उरलेली पिल्लं माझ्या कोरड्या सडांना लुचू लागली, किंचाळू लागली. मग मी वळले आणि सगळं खाल्लं.

पिल्लं जगली. आता माझ्या पोटात काय पक्कं होतंय, मला ठाऊक नाही. मला औषध नको म्हणता येत नाही, मित्रांनो. तुम्हाला म्हणता येतं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय औषध मागू नका, आम्हालाही देऊ नका. कच्चं मटण कापलेला पाट साबणानं घासल्याशिवाय त्यावर कांदा चिरू नका. आम्हाला हात लावलात तर हात धुवा, मला मुळीच राग येणार नाही.

हिमानी आताशा पुन्हा गजांपर्यंत येते. परवा कुणी बघत नाहीसं पाहून तिनं हात आत घातला आणि माझं कपाळ खाजवलं. मी तिचा हात चाटला नाही. तोंड भिंतीकडे केलं आणि तशीच उभी राहिले. तिला वाटलं, मी तिच्यावर रागावले. ती रडत घरात गेली.