ऐकलेलं घरी जातं

अप्पांचं उभं आयुष्य छापखान्यातल्या मशीनवर गेलं आणि त्या मशीनच्या धडधडाटाने त्यांचे कान खाल्ले. निवृत्तीनंतर ते लोकांच्या ओठांकडे बघून मान डोलवायचे. चारचौघं हसले की तेही हसायचे, जरा उशिरा. शेवटी परगावच्या लेकीने हट्टाने त्यांना श्रवणयंत्रं घेऊन दिली. हरभऱ्याएवढी दोन यंत्रं, फोनला जोडलेली. मुलाने अप्पांचा फोन हातात घेतला आणि ‘मान्य आहे, मान्य आहे’ करत बोटाच्या फटकाऱ्यात सगळं सुरू करून दिलं.

यंत्रं कानात गेली आणि अप्पा खुळावल्यासारखे घरभर फिरले. नळ ठिबकत होता. सून भाजी चिरताना गुणगुणत होती. इतकी वर्षं एका घरात राहून ही गाते हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यांना खरी ओढ होती ती बाइंडरच्या दुकानाची. अप्पा धरून छापखान्यातले तीन दोस्त रोज दुपारी तिथे जमायचे. बाइंडर अजून पुस्तकं बांधायचा. खळीचा वास, पुठ्ठ्यांच्या थप्प्या आणि मधोमध तीन स्टुलं. तिसरा दोस्त मुद्रितशोधक. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यामुळे सगळा छापखाना त्याला काना-मात्रा म्हणायचा आणि तोही हाकेला ओ द्यायचा.

आता अप्पांना सगळं ऐकू येत होतं. शब्द निसटलाच तर फोनवर अक्षरांत उमटायचा. काना-मात्राने तो फोन डोळ्यांजवळ नेऊन तपासला. “‘पिशवी’ची वी ऱ्हस्व टाकलीय. मशीन झालं म्हणून काय झालं?” तिघेही हसले आणि या वेळी अप्पा वेळेवर हसले.

अशाच एका दुपारी काना-मात्रा हळू आवाजात म्हणाला, “मी वृद्धाश्रमात नाव घातलंय. घरी सांगितलं नाही अजून.”

बाइंडरचा हात खळीत तसाच राहिला. “पोरगा काही बोलला का?”

“छे रे. पोरगा चांगला, सूनही चांगली. पण दोन खोल्यांत आम्ही पाचजण. नातीला अभ्यासाला कोपरा नाही. मी गेलो तर तिला खोली मिळेल. एवढंच. पण हे मला माझ्या तोंडाने, माझ्या पद्धतीने सांगू दे. तोवर तोंडाला कुलूप.”

दोघांनी मान डोलावली. अप्पांनी तर घरात बायकोच्या फोटोलासुद्धा सांगितलं नाही.

पुढच्याच आठवड्यात काना-मात्रा दुकानात आला तो बसलाच नाही. अप्पांसमोर उभा राहिला.

“तुझ्या सुनेने माझ्या सुनेला भर बाजारात विचारलं, सासरे आश्रमात चाललेत म्हणे. माझ्या पोराला वाटतंय मी त्याची चव्हाट्यावर अब्रू काढली. सून दोन दिवस रडतेय. काय मिळवलंस?”

“अरे, मी एक अक्षर बोललो नाही! पोराची शपथ.”

“मग भिंतींनी सांगितलं?” असं म्हणून तो निघून गेला. बाइंडरने पुठ्ठा कापायला घेतला.

अप्पा तरातरा घरी आले. सून कपड्यांच्या घड्या करत होती.

“तुला कुणी सांगितलं काना-मात्राचं?”

ती गडबडली. “अप्पा, ते... यांच्या फोनवर येतं ना. रोज संध्याकाळी. अप्पांचा आजचा दिवस म्हणून. मी मुद्दाम नाही हो वाचलं, समोरच येतं. मला वाटलं त्यांच्या घरी माहीत असणार.”

मुलगा कामावरून आल्यावर त्याने फोन दाखवला. अप्पा कुठे गेले, किती चालले, आणि कुणाशी काय बोलले याचा चार ओळींत सारांश. लेकीच्या फोनवरही तोच जायचा. त्या दिवशीचा सारांश होता: ‘काना-मात्रा यांनी वृद्धाश्रमात नाव नोंदवल्याचे सांगितले.’

अप्पांना कुणी तोंडात मारल्यासारखं झालं.

“हे तू सुरू केलंस?”

“आपोआपच सुरू असतं, अप्पा. काळजीपोटी आहे ते. तुम्ही कुठे पडलात-बिडलात तर कळायला नको?”

“पडलो तर कळू दे. काना-मात्रा काय बोलला ते कशाला कळायला हवं?”

“एवढं काय त्यात? आपल्याला काय लपवायचंय?”

“आपल्याला नाही रे!” अप्पांचा आवाज इतका चढला की त्यांचाच त्यांना कानात कर्कश लागला. “त्याला होतं! मान्य आहे म्हणून तू बोट दाबलंस. त्याला कुणी विचारलं?”

मुलाने सारांश बंद केला. तासाभरात लेकीचा फोन. “अप्पा, मला कसं कळणार तुम्ही बरे आहात ते?” अप्पा म्हणाले, “असा फोन करून विचारायचं. पूर्वी करायचीस तसा.” ती दुखावली आणि तिला दुखावल्याबद्दल अप्पा स्वतःवरच चरफडले.

दुसऱ्या दिवशी ते यंत्रांच्या दुकानात गेले. तिथली मुलगी गोड बोलणारी होती.

“घरच्यांना जात नाही ना आता? मग झालं, आजोबा.”

“घरच्यांना जात नाही. पण फोनवर अक्षरं उमटतातच की. म्हणजे बोलणं कुठे तरी जातंच ना?”

“कंपनीकडे जातं. तिकडे आवाज स्वच्छ होऊन परत येतो, म्हणून तर तुम्हाला इतकं छान ऐकू येतं. ते बंद केलं तर साधं यंत्र उरेल. सगळे आवाज एकदम येतील.”

“ऐकणं ठेवून पाठवणं बंद नाही करता येत?”

“दोन्ही एकत्रच येतं. पण कोण ऐकत बसणार आहे हो तिथे?”

“घरीही कोणी ऐकत बसलं नव्हतं, बाई. तरी बोभाटा झाला.”

ती समजूतदारपणे हसली, जसं लहान मुलाकडे बघून हसतात. “बाकीचे सगळे तर खूश आहेत.” अप्पांच्या अंगाचा तिळपापड झाला. “ज्यांच्याशी ते बोलतात, त्यांना विचारलंत का?” ते म्हणाले. “करा बंद.”

तिने बंद केलं. बाहेर पडताच रस्ता अंगावर आला. भोंगे, ब्रेक, पायाखालची खडी, कुणाचं तरी भांडण, सगळं एकाच मापाचं. घरी पोचतात तोच कंपनीचा फोन. सेवेबद्दल तुमचं मत एक ते पाचमध्ये सांगा. आणि हो, हे संभाषण ध्वनिमुद्रित होत आहे. “मग माझं मत काय आहे ते तुम्हाला आधीच ठाऊक असेल,” असं म्हणून अप्पांनी फोन ठेवला.

ते काना-मात्राच्या घरी गेले. त्याने दारातच ऐकून घेतलं. यंत्र, सारांश, सून, सगळं.

“तू सांगितलं नाहीस, हे पटलं,” तो म्हणाला. “पण झालं ते झालं. पोराने स्वतः जाऊन नाव काढून टाकलं. आता नात माझ्या खोलीत पाऊल ठेवत नाही, आजोबा आपल्यामुळे जातील म्हणून. स्वयंपाकघरात बसून अभ्यास करते. मी सांगितलं असतं तर असं झालं नसतं.”

अप्पा मान खाली घालून परतले.

काही दिवसांनी काना-मात्रा पुन्हा दुकानात येऊ लागला, पण गप्पा भाव, हवा आणि गुडघे यांच्या पलीकडे जाईनात. अप्पा नसले की दोघं मोकळे बोलतात, हे त्यांनी रस्त्यावरूनच पाहिलं होतं. अक्षरं उमटणं बंद आहे, असं त्यांनी तीनदा सांगितलं. बाइंडर म्हणाला, “असेल रे. पण आम्हाला कुठे दिसतंय बंद काय नि चालू काय?”

एका दुपारी पंखा घरघरत होता. बाइंडर पुठ्ठा कापत होता. काना-मात्रा काहीतरी पुटपुटला आणि बाइंडर खो खो हसला. अप्पांच्या कानात नुसती घरघर.

“काय म्हणालास?”

काना-मात्राची नजर त्यांच्या कानाकडे गेली आणि वळली. “काही नाही, सोड.”

बहिऱ्या माणसाला जगात या तीन शब्दांइतकं दुसरं काही बोचत नाही. अप्पा उठले. पंखा बंद केला. बाइंडरच्या हातातला पुठ्ठा काढून बाजूला ठेवला आणि आपलं स्टूल काना-मात्राच्या गुडघ्याला गुडघा लागेल असं ओढलं.

“सोडणार नाही. सांग.”

उकाड्याने तिघांना घाम फुटला. काना-मात्राने चष्मा पुसला, पुन्हा लावला.

“म्हटलं, बाइंडरची खळ त्याच्या लग्नापासून तीच आहे.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“यासाठी पंखा बंद केला?” बाइंडर कपाळ पुसत म्हणाला.

“हो,” अप्पा म्हणाले. “आणि अजून काही असेल तर तेही सांगा.”

काना-मात्रा काही बोलला नाही. पण त्याने पंखाही लावला नाही.