बाबांच्या घरातला कॅमेरा

बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते. त्यांच्या नावावरचं इंटरनेट बंद करायला मी कंपनीच्या कार्यालयात गेले, तर काउंटरवरच्या मुलीनं अर्जाआधी एक कागद पुढे सरकवला.

"ही नोटीस मिळाली नव्हती का? दोनदा मेल केलाय."

मेल माझ्याच पत्त्यावर आले होते. बाबांची असली कामं मी बघत असे, म्हणजे बघते असं सांगत असे. कंपनीचे मेल मी न उघडताच पुसून टाकायची.

कागदावर लिहिलं होतं की गेल्या महिन्याच्या बारा तारखेला सकाळी नऊपासून बाबांच्या घरातल्या कॅमेऱ्यातून इंटरनेटवरच्या एकाच पत्त्यावर अखंड विनंत्या जात होत्या. तो पत्ता आमच्या रुग्णालयाच्या वेबसाइटचा होता.

मी त्या रुग्णालयाच्या नोंदणी विभागात काम करते. बारा आणि तेरा तारखेला आमची वेबसाइट आणि तिच्यावरची नोंदणी ठप्प झाली होती. डायलिसिसवाल्यांना आपली वेळ कळेना, लोक पायऱ्यांवर ताटकळले, आणि मी खिडकीत बसून बोलणी खाल्ली. संगणक विभागात एकच गृहस्थ. त्यांना सगळे वायरराव म्हणायचे. ते कळवळून सांगत होते की बाहेरून हल्ला झालाय. आम्ही हसलो.

"आपल्यावर कोण हल्ला करणार, वायरराव? आपली लिफ्टसुद्धा धड वर जात नाही!"

मग त्यांच्याविरुद्ध तक्रार झाली. 'स्वतःची हलगर्जी झाकण्यासाठी हल्ल्याची सबब पुढे केली आहे.' हे वाक्य माझं. माझी भाषा चांगली आहे असं ऑफिसात मानतात, त्यामुळे मसुदे माझ्याकडे येतात. अकरा सह्या झाल्या, पहिली माझी. मला ही नोटीस मिळाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी चौकशी समिती बसणार होती, आणि वायररावांची नोकरी गेल्यातच जमा होती.

कॅमेरा मीच बसवला होता. बाबा एकटे, कुठे पडलेबिडले तर मला फोनवर दिसावं म्हणून. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवला. बदलायला दहा मिनिटं लागली असती आणि मला परतायची घाई होती.

बाबांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. बारा तारखेला त्यांचा फोन आला.

"अगं, तुझ्या त्या कॅमेऱ्याचा दिवा वेडावाकडा लुकलुकतोय."

"लुकलुकू दे ना, बाबा. चालू आहे म्हणजे."

"चालू कुठलं आणि बिथरलेलं कुठलं, एवढं कळतं मला. टीव्हीवरच्या त्या नेटच्या बातम्याही अडखळतायत. काढून ठेवू का?"

"कशालाही हात लावू नका. इथे आमचं सगळं बंद पडलंय, मला वेळ नाहीये."

"बरं बाई. तुझं आटोपलं की बोल."

त्या दोन दिवसांत त्यांनी तीनदा हेच सांगितलं. तिसऱ्यांदा मी फोन कानाला धरून दुसऱ्याच कुणाशी बोलत होते. पुढच्या आठवड्यात ते झोपेतच गेले. त्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही, हे मला माहीत आहे.

नोटीस घेऊन मी तडक वायररावांच्या खोलीत गेले. तळघरात, जुन्या खाटांच्या शेजारी. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"बसा, ताई. समजा, तुमच्या खिडकीशी एक माणूस आला, नुसती वेळ विचारली आणि पुन्हा रांगेत उभा राहिला. काय कराल?"

"हाकलीन."

"असे ऐंशी हजार आले तर? प्रत्येक जण वेगळ्या घरातला, दिसायला सभ्य, प्रश्न साधा. हाकलणार कुणाला? खरा पेशंट मागेच राहतो."

"पण त्यांना पाठवतं कोण?"

"असतो कुणीतरी, कुठेतरी. त्याचे प्रोग्रॅम घरोघरचे कॅमेरे चाचपत फिरतात. कारखान्याचाच पासवर्ड लागला की आत शिरतात आणि हुकूम येईपर्यंत गप्प पडून राहतात. घरच्यांना पत्ता नसतो. चित्र नेहमीसारखं दिसत राहतं."

"तक्रारीतलं ते सबबीचं वाक्य मी लिहिलंय," मी म्हणाले.

"कळलं होतं मला. इतकं शुद्ध दुसरं कोण लिहितं इथे?" ते म्हणाले, आणि कागदाची प्रत काढायला उठले. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी समितीपुढे मी नोटीस ठेवली आणि तक्रारीतली माझी सही मागे घेत असल्याचं सांगितलं. अधीक्षकबाईंनी कागद उलटसुलट पाहिला.

"म्हणजे हल्ला खरंच झाला होता. कनेक्शन तुमच्या वडिलांच्या नावावर होतं?"

"हो."

"परवाच वारले ना? मनाला लावून घेऊ नका हो. म्हाताऱ्या माणसांना काय कळतंय यातलं!"

सगळ्यांनी माझ्याकडे मायेनं पाहिलं. आणि मी मान डोलावली.

इतकं सोपं होतं ते. वायररावांची नोकरी वाचत होती, माझी अब्रूही. खाली मान घालून बसायचं, एवढंच उरलं होतं. अधीक्षकांनी पुढचा कागद ओढलासुद्धा.

"नाही," मी म्हणाले. "त्यांना कळलं होतं."

"काय?"

"काहीतरी बिघडलंय हे त्यांना कळलं होतं. मला कळलं नाही."

अधीक्षक अवघडल्या. "असू दे. त्याची इथे गरज नाही."

लेखनिकानं पेन वर धरून अधीक्षकांना विचारलं, "हे इतिवृत्तात घ्यायचं का, मॅडम?"

त्यांच्याआधी मीच सांगायला लागले. "घ्या. कॅमेरा मी बसवला. पासवर्ड मी बदलला नाही. वडिलांनी तीन वेळा सांगितलं. ते काढून ठेवतो म्हणाले, मी नको म्हणाले."

"जरा सावकाश," लेखनिक म्हणाला. "पासवर्डनंतरचं पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं.