जावळाची पेटी

“आत्या, हे बघा तरी! परवाचं दही, अन् अजून गोडच हाय.”

रुपालीनं गाडगं सासूच्या नाकाखाली धरलं. बनुबाईनं बोट बुडवून चाटलं आणि भुवया वर केल्या. चैत्र सरत आला होता. स्वयंपाकघरात सकाळी विरजलेलं दही संध्याकाळी तोंड वाकडं करायला लावत होतं, आणि हे गाडगं सून परवा मागाच्या खोलीत विसरली होती.

मागाच्या खोलीवर काही वेगळं छप्पर नव्हतं. घरावर होते तेच पत्रे. फरक एवढाच, की त्या पत्र्यांखाली माळ्यावर लोकरीची पोती गच्च रचलेली होती. ती पोती म्हणजे पुंजारामची, बनुबाईच्या नवऱ्याची खोड. पन्नास वर्षं त्यानं घोंगड्या विणल्या. सहा वर्षांपूर्वी हातांना कंप सुटला, धोटा सरळ जाईना, आणि माग थांबला. पण मेंढ्यांची लोकर काही वाढायची थांबत नाही. कातरणी झाली की गोरक्षनाथ धनगर दारात पोतं आणून टाकायचा. “कोनी घेत न्हाई बाबा. वढ्यात टाकाया जिवावर येतं. ठिवा तुमच्याकडं,” म्हणायचा. पुंजारामच्या तोंडातून ‘नको’ काही निघत नसे.

“आमच्या घरात मान्सं बाहेर झोपत्यात अन् लोकर आत,” असं त्याचा मुलगा कल्याण येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. यात अतिशयोक्ती होती, पण फार नव्हती.

रुपाली मात्र गाडगं हातात धरून गोठ्याकडं बघत राहिली होती.

गोठ्यात चार गाई. त्यातली कपाळावर पांढरा ठिपका असलेली काळी टिकली रुपालीची. माहेराहून कालवड म्हणून आली, तेव्हापासून तिची. मागच्या वैशाखात पत्र्याखालच्या काहिलीनं टिकलीनं सातव्या महिन्यात वासरू टाकलं होतं. रुपालीनं ते पाटाच्या पाण्यानं आंघोळ घालून पुरलं आणि दोन दिवस जेवली नाही. आता टिकलीचा पुन्हा सातवा सरत आला होता. आठ दिवस झाले, दुपार झाली की ती जीभ बाहेर काढून उभी राही. खाली बसत नव्हती, वैरणीला तोंड लावत नव्हती. पंखा लावावा तर नेमकी दुपारचीच लाईट जायची.

“गाभन हाय तवर गिऱ्हाईक मिळंल,” कल्याण म्हणाला होता. “या शुक्रवारी घोडेगावच्या बाजाराला नेतो. परत तसं झालं तर तिला कोन इचारनार बी न्हाई.” पत्र्याखाली लावायच्या फोमच्या शिटा बघायला तो नगरला जाऊन आला होता, आणि भाव ऐकून तसाच परतला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा.

संध्याकाळी रुपालीनं जेवायला वाढता वाढता माळ्यावरची लोकर गोठ्याच्या पत्र्याखाली लावायचा विषय काढला. पुंजारामनं भाकरी खाली ठेवली.

“लोकर बिरोबाची असती, पोरी. घोंगडीवर देव बसतो. या घरात मी लोकर कुनाच्या पायाखाली येऊ दिली न्हाई. ती आता शेनामुतात न्यायची?”

“पायाखाली कुठं, मामा? गाईच्या डोक्यावर न्यायची हाय.”

बनुबाईला हसू आलं. तिनं ते पदराआड दाबलं. पुंजाराम मात्र चिडला. सकाळी उठून देवळाली प्रवऱ्याला लेकीकडं, पूजाकडं, निघून गेला. जाताना ‘हो’ म्हणाला नाही, ‘नाही’ही म्हणाला नाही.

लेकीकडं तो कसाबसा दोन दिवस टिकला. रविवारी दुपारी परत आला आणि पाय धुवायच्या आधी गोठ्यात डोकावला.

कल्याणनं बापाच्या मौनाचा सोयीस्कर अर्थ लावला होता. जशी होती तशी, लेंड्या-गोखरूंसकट, लोकर कांद्याच्या जाळीच्या गोण्यांत कोंबून गोण्या पत्र्याखाली टांगल्या होत्या. लोकर खाली घसरून गोण्यांच्या बुडाशी गोळा झाली होती. मधल्या फटींतून उघडा पत्रा तसाच तापत होता. त्याखाली टिकली जीभ काढून उभी होती.

“न्हाई चालत आबा तुमची लोकर,” कल्याण घाम पुसत म्हणाला. “काय उपेग न्हाई. शुक्रवारी न्यावीच लागंल.”

पुंजारामचं डोकं भडकलं. देवाची लोकर गोठ्यात गेली याचा राग मागंच राहिला. ती अशी गेली याचा आला.

“लोकर अशी कोंबत्यात व्हय रं? घोंगड्या करनाराचा पोरगा ना तू? ना धुतली, ना पिंजली. लोकरीत वारा कोंडला पायजे, तवा ती ऊन धरती. ह्यो चिखल टांगलाय तू!”

“मंग तुमीच टांगा की.”

“टांगतो. शुक्रवारपत्तुर गाय जागची हालवायची न्हाई.”

आणि कामाला सुरुवात झाली. सासू-सुनेनं रिठ्याच्या पाण्यात लोकर धुतली, उन्हात वाळवली. बनुबाईनं शेजारपाजारची जुनी लुगडी गोळा केली. खोळी शिवायच्या, त्यात पिंजलेली लोकर सारखी पसरायची आणि गोधडीसारखे टाके घालायचे, म्हणजे ती घसरणार नाही. कल्याणनं आडव्या तारा ओढल्या. मध्येच त्याला शंका आली, “अन् बल्बाची ठिनगी पडली तर?” पुंजारामनं लोकरीच्या झुबक्याला काडी लावली. झुबका करपला, घाण वास सुटला आणि विझून गेला. कल्याण तारा ओढायला परत शिडीवर चढला.

पिंजायची कमान पुंजारामनं सहा वर्षांनी आढ्यावरून काढली. ती हातात घेताना त्याला धाकधूक होती. मागावर याच हातांनी दगा दिला होता. पण कमानीच्या ताणलेल्या दोरीवर, तातीवर, दांडका पडला, तात थरथरली, आणि त्याच्या लक्षात आलं की हिला तर थरथरच हवी आहे. हाताचा कंप तातीच्या कंपात कुठं मिसळून गेला ते कळलंसुद्धा नाही. लोकर फुलून वर उडाली. बनुबाई शिवता शिवता थांबली. हा आवाज घरातून गेला होता तेव्हापासून नवरा अर्धा गेल्यासारखा झाला होता, हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

“काय बगती? शिव की,” पुंजाराम गुरकावला. बनुबाई खूश झाली.

चार दिवस घरात भाकरीच्या घासातही लोकर आली, पण कुणी कुरकुर केली नाही. मात्र दहा पोत्यांतली चार पोती मातीच निघाली. गुरुवारी दिवस मावळायला गोठ्याच्या चार खणांपैकी तीन झाकले गेले आणि लोकर संपली. राहिलेला खण नेमका टिकलीच्या डोक्यावरचा. दावणीचा तो कोपरा पश्चिमेचा. दुपार कलली की सगळ्यात जास्त तापणारा.

“गाय बदलून बांधू,” कल्याण म्हणाला.

“तिथं दुसरी तापंल. तिची काय चूक?” रुपाली म्हणाली.

मागाच्या खोलीत आता एक पत्र्याची पेटी तेवढी उरली होती. तिच्यात काय आहे ते घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तिच्याकडं कुणी बघत नव्हतं. कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर म्हणजे जावळ. रेशमासारखं मऊ, आणि एका कोकराचं मूठभरच निघतं. या घराची एक रीत होती. कारागिरानं गावासाठी हजार घोंगड्या विणाव्यात, पण एक स्वतःसाठी, जावळाची. ती त्यानं वापरायची नाही. शेवटी, तो गेल्यावर, घरच्यांनी ती त्याच्या अंगावर घालायची. पुंजारामचा बाप गहिनीनाथ आपल्या घोंगडीतच गेला होता. पुंजारामनं अकरा वर्षं गोरक्षनाथाकडून मूठ मूठ जावळ घेऊन त्या पेटीत कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलं होतं. आधी कामातून सवड झाली नाही, मग हात राहिले नाहीत.

पुंजाराम उठला. पेटी ओढत अंगणात आणली आणि कडी काढली.

“आवं,” बनुबाई पुढं झाली, “ती तुमची हाय.”

“हाय की माझीच. म्हनून तर काढली.”

“नगं मामा,” रुपाली म्हणाली. “शुक्रवारी जाऊ द्या टिकलीला. ह्ये नगं.”

“गप बस. ह्या हातांनी आता घोंगडी व्हायची न्हाई. तुला ठावं, मला ठावं. पेटीत ठिवून कसरीला घालू व्हय?” त्यानं जावळाची पहिली मूठ तातीखाली धरली. “इनता न्हाई आली, पिंजता तर येतीया.”

बनुबाईनं तोंड फिरवून डोळे पुसले. मग तिनं शेवटच्या खोळीसाठी गोळा केलेली फाटकी लुगडी बाजूला सारली, आत गेली आणि आपलं स्वतःचं हिरवं लुगडं घेऊन आली, सणावारी नेसायचं. पुंजारामनं ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

रात्रभर खपून शेवटची खोळ टांगली गेली. शुक्रवारी सकाळी बाजाराच्या टेम्पोनं दारात हॉर्न दिला. कल्याण बाहेर गेला, गोठ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, “फुडल्या शुक्रवारी.” त्या दुपारी एकला लाईट गेली. पंखा थांबला. चौघंही काही ना काही निमित्त काढून गोठ्यात येऊन उभी राहिली. अडीच वाजले, ऊन पश्चिमेला कललं. टिकलीनं मान हलवली, पुढचे पाय दुमडले आणि खाली बसली. थोड्या वेळानं रवंथ करू लागली. कल्याण खाकरला आणि तिला पाणी आणायला गेला. पुढच्या शुक्रवारी टेम्पोनं पुन्हा हॉर्न दिला. तिसऱ्या शुक्रवारी तो न थांबताच पुढं गेला.

ज्येष्ठ सरता सरता टिकली व्याली. पावसाचा अजून पत्ता नव्हता. कालवड झाली, आईसारखीच काळी, फक्त ठिपका कपाळाऐवजी कानामागं. रुपालीनं चिकाची पहिली वाटी देवाला ठेवली आणि दुसरी मामांच्या हातात दिली. हात थरथरला, थोडा चीक सांडला, पुंजाराम हसला.

त्या दुपारी पुंजाराम घरात दिसेना, म्हणून बनुबाई शोधत निघाली. तो गोठ्यात सापडला. टिकलीच्या खणात बाज टाकून उताणा घोरत पडला होता. बाजेच्या पायाशी कालवड मुटकुळं करून झोपली होती. माश्या बसतील म्हणून बनुबाई घरातून चादर घेऊन आली. ती त्याच्या अंगावर पसरणार, तोच तिची नजर वर गेली. पत्र्याखाली तिचं हिरवं लुगडं ताणून बसलं होतं, आणि त्याच्या टाक्या-टाक्यांतून जावळ मऊ फुगलं होतं. घोंगडीच्या मापापेक्षा चांगलं दुप्पट.

बनुबाईनं चादरीची घडी पुन्हा नीट घातली, काखेत धरली आणि पावलांचा आवाज न करता घरात गेली.